तापणारा टंबलर आणि उन्हाळ्याची सबब

रुग्णालये, वसतिगृहे, लॉज आणि मंगल कार्यालये यांच्या चादरी, टॉवेल व पडदे घाऊक प्रमाणावर धुऊन देणाऱ्या व्यवसायात कपडे वाळवणारे यंत्र प्रमाणाबाहेर तापू लागले की मराठवाड्यात एक ठरलेले निदान ऐकू येते. उन्हाळा आहे, तेव्हा यंत्र तापणारच. आणि उन्हाळा नसेल तर थर्मोस्टॅट गेला असणार, तो बदलावा, व नवा येईपर्यंत जुना ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून, काम चालू ठेवावे. हे निदान मालकाला पटते, कारण त्यात त्याच्याकडे काहीच दोष येत नाही. मिस्त्रीला परवडते, कारण सुटा भाग विकला जातो. आणि यंत्र दुसऱ्या दिवशी खरोखरच चालू होत असल्यामुळे ते खरे ठरल्यासारखेही दिसते. तरीही ते जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचे असते. यंत्र तापते तेव्हा बहुधा उष्णता वाढलेली नसते, त्या उष्णतेला वाहून नेणारी हवा कमी झालेली असते. उष्णतेच्या उगमाकडे बोट दाखवणारे निदान या हवेकडे पाहतच नाही, आणि म्हणून तेच यंत्र महिन्याभरात पुन्हा तापते.

या प्रतिपादनासाठी परभणी जिल्ह्याचा प्रदेश मुद्दाम निवडला आहे. सेलू तालुक्यातील वालूर, जे गाव चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या जुन्या बारवेसाठी ओळखले जाते, तिथे मे महिन्यात दुपारचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास गेला तर त्याची कोणी बातमी करत नाही, आणि पत्र्याच्या शेडखाली तो त्याहूनही वर जातो. उन्हाळ्याची सबब महाराष्ट्रात कुठे टिकायचीच असेल तर ती इथे टिकायला हवी. इथेच ती हिशेबात बसत नसेल, तर पुण्या-नाशिकच्या धुलाई केंद्रांत ती पुढे करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

हिशेब समजण्यासाठी आधी यंत्र समजायला हवे. आडव्या अक्षाभोवती फिरणाऱ्या मोठ्या पिंपात कपडे खालीवर करत त्यांच्यातून गरम हवा खेचणाऱ्या यंत्राला या व्यवसायात टंबलर म्हणतात. हवा खोलीतून आत येते, गॅसच्या बर्नरवरून, विजेच्या हीटरवरून किंवा वाफेच्या कॉइलवरून जाताना तापते, फिरत्या पिंपातील ओल्या कपड्यांतून जाताना त्यांचे पाणी उचलते, मग कपड्यांतून सुटलेले बारीक तंतू, ज्यांना धंद्यात लिंट म्हणतात, ते अडवणाऱ्या जाळीतून पार होते, आणि शेवटी ब्लोअर, म्हणजे ती सगळी हवा ओढणारा पंखा, तिला पत्र्याच्या डक्टमधून इमारतीबाहेर ढकलतो. या मार्गावर तापमान दोन ठिकाणी राखले जाते. बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर असलेला नियंत्रक थर्मोस्टॅट ठरवलेल्या अंशावर, साधारणपणे साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान, हीटर बंद-चालू करत राहतो. आणि हीटरच्या अगदी जवळ बसवलेला दुसरा थर्मोस्टॅट, ज्याला हाय-लिमिट म्हणतात, तो एरवी काहीच करत नाही, पण तिथली हवा धोक्याच्या मर्यादेपलीकडे तापली तर हीटरचा पुरवठा तोडून टाकतो. पहिला यंत्राचे रोजचे काम चालवतो आणि दुसरा फक्त पहारा देतो, हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे.

आता आकडे पाहावेत. उदाहरणापुरता ३० किलोवॉट उष्णता देणारा आणि दर सेकंदाला ०.३ किलो हवा ओढणारा टंबलर घेतला, तर एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो या नियमाने हीटरवरून जाणारी हवा सुमारे १०० अंशांनी तापते. डिसेंबरच्या सकाळी खोलीत १५ अंश असतील तर पिंपात शिरणारी हवा ११५ अंशांची असेल. मे महिन्यात खोलीत ४४ अंश असतील तर ती १४४ अंशांची होईल. त्यात गरम हवा विरळ असल्यामुळे तोच पंखा वजनाने थोडी कमी हवा ओढतो हेही धरले, तर आकडा १५४च्या आसपास जातो. म्हणजे वालूरचा उन्हाळा पदरात घेतला तरी वाढ चाळीस अंशांची आहे. उलट त्याच यंत्राची जाळी आणि डक्ट लिंटने भरून हवा निम्मी झाली, तर तीच उष्णता निम्म्या हवेत जाते, वाढ १०० ऐवजी २०० अंशांची होते, आणि डिसेंबरच्या त्याच थंड सकाळी हीटरपुढची हवा २१५ अंशांवर पोहोचते. हिवाळ्यातले तुंबलेले यंत्र उन्हाळ्यातल्या स्वच्छ यंत्रापेक्षा साठ अंशांनी अधिक तापते. उन्हाळ्याच्या सबबीला याहून अधिक उत्तर लागू नये. पण ती सबब चिवट आहे, म्हणून तिची उरलेली बाजूही तपासणे भाग आहे.

ती बाजू अशी की यंत्रे तापण्याच्या तक्रारी मार्च ते जूनमध्ये वाढतात हे निरीक्षण खोटे नाही. मात्र त्याचे कारण वेगळे आहे. ओल्या कपड्यात पाणी आहे तोवर कपडा फारसा तापत नाही, कारण आत येणारी बहुतेक उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाणी उडवायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, आणि हायड्रोमधून, म्हणजे कपडे वेगाने गरगर फिरवून पिळणाऱ्या यंत्रातून, बाहेर काढलेल्या २५ किलो सुती चादरींत १२ ते १५ किलो पाणी सहज उरलेले असते. ते संपले की खर्च थांबतो आणि कपड्याचे तापमान झपाट्याने हवेच्या तापमानाकडे चढते. मराठवाड्यातील मे महिन्याची हवा केवळ गरम नसते, ती कमालीची कोरडी असते. धुतलेला कपडा टंबलरपर्यंत पोहोचेपर्यंतच अर्धवट सुकलेला असतो आणि आत गेल्यावर लवकर वाळतो. बहुतेक ठिकाणी टायमर मात्र पावसाळ्यात ठरवलेल्या मिनिटांवरच असतो, आणि म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटे कोरड्या कपड्यांना भाजण्यात जातात. चादर पिवळी पडते, टॉवेल खरबरीत होतो, आणि दोष सूर्याच्या माथी मारला जातो. वास्तविक या ऋतूत करायचे ते एवढेच की टायमर कमी करावा, किंवा यंत्रात सोय असेल तर कपड्यातील ओलावा पाहून थांबणारा कार्यक्रम वापरावा. म्हणजे उन्हाळ्याचा संबंध आहे, पण तो यंत्राच्या बिघाडाशी नाही, ते चालवणाऱ्याच्या सवयीशी आहे.

थर्मोस्टॅटवरील आरोप अधिक गंभीर आहे, कारण त्यात अर्धसत्य आहे. थर्मोस्टॅट बदलल्यावर यंत्र चालते, हा अनुभव शेकडो लोक सांगतील, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण बदलण्याची क्रिया कशी होते हे पाहिले तर त्या अनुभवाचे वजन कमी होते. मिस्त्री येईपर्यंत यंत्र काही तास किंवा एखादा दिवस थंड पडलेले असते. तो मागचा पत्रा उघडतो, हीटरभोवती साचलेला लिंटचा थर हाताने किंवा फडक्याने बाजूला सारतो, कारण त्याशिवाय त्याला तारा दिसत नाहीत. मोटारीचा पट्टा सैल वाटला तर ताणतो. आणि मग नवा थर्मोस्टॅट बसवतो. पुढे यंत्र चालले तर श्रेय नव्या भागाला जाते, आणि लिंट काढल्याची नोंद बिलावर नसल्यामुळे ते काम झालेच नव्हते असे धरले जाते. शिवाय हाय-लिमिटमधील धातूची द्विस्तरीय पट्टी वारंवार तुटून-जुळून थकते आणि कालांतराने ठरलेल्या अंशाआधीच तुटू लागते, त्यामुळे तपासल्यावर तो भाग खरोखरच सदोष निघू शकतो. पण तो सदोष झाला तो तुंबलेल्या हवेने त्याला शेकडो वेळा तोडायला लावले म्हणून. त्याला बदलून हवा तशीच ठेवली, तर नव्याचीही तीच गत होते. सेन्सरची गोष्टही निराळी नाही. बाहेर जाणाऱ्या हवेतील सेन्सरवर लिंटची टोपी चढली की त्याच्यापर्यंत उष्णता उशिरा पोहोचते, यंत्राला वाटते हवा अजून थंड आहे, आणि हीटर चालू राहतो; हा ‘सेन्सरचा बिघाड’ ब्रशच्या एका फटकाऱ्यात दुरुस्त होतो.

हवा कमी पडणे आणि थर्मोस्टॅट बिघडणे हे दोन दोष वेगळे ओळखण्याची खूण साधी आहे, आणि ती न पाहता भाग विकणे हा निष्काळजीपणाचा कळस म्हणायला हवा. हवा कमी असेल तर हाय-लिमिट तुटतो, पण बाहेर पडणारी हवा कोमट असते आणि कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. एकाच वेळी ‘यंत्र फार तापते’ आणि ‘कपडे वाळत नाहीत’ या दोन्ही तक्रारी आल्या की उष्णता हीटरपाशी अडकली आहे हे जवळपास सिद्ध होते. याउलट हवा भरपूर असून बाहेर पडणारी हवाच ठरलेल्या अंशापलीकडे जात असेल, तर नियंत्रक थर्मोस्टॅट, किंवा त्याहूनही अधिक वेळा हीटरचा प्रवाह जोडणारा कॉन्टॅक्टर, ज्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी चिकटून बसलेले असतात, यांच्याकडे पाहायला हवे. चिकटलेल्या कॉन्टॅक्टरमध्ये थर्मोस्टॅट कितीही वेळा ‘बंद’ म्हणाला तरी हीटर ऐकत नाही. थर्मोस्टॅटला दोषी ठरवणाऱ्या बिलांपैकी किती बिलांवर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान लिहिलेले असते, एवढे तपासले तरी या निदानामागील अभ्यास कळून येतो.

‘डायरेक्ट’ करण्याच्या प्रथेविषयी सौम्य भाषा वापरण्याची गरज नाही. ज्या यंत्राच्या पोटात कोरडा कापूस, तापलेली हवा आणि भरपूर ऑक्सिजन एकत्र असतात, त्यातील आग टाळणारा शेवटचा पहारेकरी काढून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. सुती तंतू पेट घ्यायला साधारण ४०० अंश लागतात असे सांगून या प्रथेचे समर्थन करणारे विसरतात की बर्नरची ज्योत किंवा विजेच्या हीटरची लालभडक तार त्याहून कितीतरी गरम असते आणि तिथपर्यंत पोहोचायला लिंटच्या एका पुंजक्याला अर्धा सेकंदही लागत नाही. जळता पुंजका हवेबरोबर पिंपात, पिंपातून जाळीवर आणि जाळीतून डक्टमध्ये जातो, आणि डक्टच्या आतल्या बाजूला जमलेले अस्तर वातीचे काम करते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने घरगुती ड्रायरच्या आगींचा जो हिशेब मांडला, त्यात वर्षाला सुमारे २,९०० आगी आणि त्यांपैकी ३४ टक्क्यांचे कारण केवळ साफसफाई न करणे हे होते. ती यंत्रे घरगुती, आठवड्यातून काही वेळा चालणारी होती. व्यावसायिक टंबलर दिवसभर चालतो.

परभणी-सेलू-मानवत पट्ट्यातील वाचकाला हे पटवून देण्यासाठी खरे तर अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. हा कापसाचा मुलूख आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात सरकी वेगळी होऊन जी रुई निघते तिच्याभोवती बिडीला बंदी असते, कापसासोबत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात ठिणगी पाडेल म्हणून तो वेचला जातो, आणि बाहेरून शांत दिसणारी गठाण आतून तासन्‌तास धुमसू शकते हे तिथल्या हमालालाही ठाऊक असते. टंबलरच्या जाळीवर जमणारी लिंट ही त्याच रुईची अधिक बारीक, अधिक कोरडी आणि म्हणून अधिक पेटाऊ बहीण आहे. जो प्रदेश रुईशी इतक्या सावधपणे वागतो, त्याने तिच्याच तंतूंना चादरीतून सुटल्यावर निरुपद्रवी केर मानावे, हे चमत्कारिक आहे.

याच संदर्भात एक धोका असा आहे ज्याची चर्चा जवळजवळ कुणीच करत नाही. मराठवाड्यात करडईचे पीक जुने आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे, आणि करडईचे तेल काही घरांत व खानावळींत वापरले जाते. या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश असते, आणि असे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून स्वतःहून तापते. रंग आणि व्हार्निश उद्योगात ते वापरले जाते ते याच गुणामुळे. खानावळीतील फडकी किंवा मालिशचे टॉवेल कमी गरम पाण्यात, कमी साबणात धुतले तर तेल पुरते निघत नाही. टंबलरमध्ये ते तापते, आणि कपडे तसेच गरम असताना घड्या करून गठ्ठ्यात रचले, तर गठ्ठ्याच्या आतील उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि काही तासांनी, बहुधा रात्री कोणी नसताना, तो पेट घेऊ शकतो. म्हणूनच टंबलरच्या शेवटी हीटर बंद करून थंड हवा फिरवण्याचा टप्पा दिलेला असतो. घाईच्या वेळी तो टप्पा कापून कपडे बाहेर काढणे ही ‘वेळेची बचत’ ज्याने शोधली, त्याने बहुधा गोदामाचा विमा उतरवलेला नसावा.

ग्रामीण भागात हवा कमी होण्याचे एक कारण असे आहे जे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ओझरते असते आणि ज्याचा इथे खरा उपद्रव आहे. रोहित्र, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेतील डीपी, जळून नवे बसवले जाते किंवा तारा जोडताना दोन फेजांची अदलाबदल होते, आणि तीन फेजवर चालणारी मोटार उलटी फिरू लागते. विहिरीवरच्या पंपाची मोटार उलटी फिरली की पाणी धड येत नाही आणि शेतकरी लगेच वायरमनला बोलावतो, कारण त्याला पाण्याच्या धारेवरून ते दिसते. टंबलरच्या ब्लोअरचे मात्र तसे होत नाही. केंद्रोत्सारी पंखा, म्हणजे मधून हवा ओढून कडेला फेकणारा पंखा, उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने बाहेर फेकतो, फक्त फार कमी फेकतो. डक्टच्या तोंडाशी हात धरून ‘हवा तर येतेय’ असे म्हणणाऱ्याची इथे पुरती फसगत होते. हवा येते, पण पुरेशी येत नाही, हीटर पूर्ण जोराने चालतो, हाय-लिमिट तुटतो, आणि थर्मोस्टॅट बदलला जातो. एखादा फेज गेला तर याहून वाईट घडते: ब्लोअरची मोटार दोन फेजांवर कण्हत चालते, तर हीटरच्या उरलेल्या कांड्या तापतच राहतात. महावितरणच्या वाहिनीवर डीपीचे काम झाल्यानंतर पंखा कोणत्या दिशेने फिरतो हे मोटारीवरील बाणाशी ताडून पाहणे, आणि फेजचा क्रम चुकला किंवा एखादा फेज गेला तर यंत्र सुरूच होऊ न देणारा रिले बसवणे, ही वालूरमधील कुणाही वायरमनच्या आवाक्यातील कामे आहेत. पंपासाठी असे उपकरण बसवणारा मालक टंबलरसाठी ते बसवत नाही.

उरलेली कारणे थोडक्यात सांगता येतील, कारण ती ओळखायला डोळे पुरतात. बोअरच्या जड पाण्यातील क्षार आणि साबणाचा अंश यांचा अदृश्य पापुद्रा जाळीवर बसतो. जाळी स्वच्छ दिसते, पण तिच्यावर ओतलेले पाणी खाली न जाता तळ्यासारखे उभे राहते, आणि मग ती ब्रश व साबणाने धुवावी लागते. डक्टच्या बाहेरच्या टोकाला चिमण्या-पारवे शिरू नयेत म्हणून बारीक जाळी ठोकली जाते आणि ती पंधरवड्यात लिंटने शिवल्यासारखी बंद होते. तिथे हवेच्या जोराने उघडणारी झडप लावायची असते, जाळी नव्हे. पिंपाभोवतीचा नमदा झिजला की हवा हीटर टाळून फटीतून शिरते. आणि धूळ येऊ नये म्हणून खोलीच्या खिडक्या-दारे बंद करून टंबलर चालवला जातो, जणू दर मिनिटाला बाहेर फेकली जाणारी कित्येक घनमीटर हवा भिंतींतून आत झिरपणार आहे. उत्पादकांच्या पुस्तिकांतील प्रचलित नियम मेट्रिकमध्ये मांडला तर गॅसवरील यंत्राच्या दर किलोवॉटमागे सुमारे २२ चौरस सेंटिमीटर मोकळी जागा हवा आत येण्यासाठी लागते. म्हणजे वर घेतलेल्या ३० किलोवॉटच्या यंत्राला ६६० चौरस सेंटिमीटर, अंदाजे पंचवीस बाय सव्वीसची खिडकी, सदैव उघडी हवी. खोलीचे दार ओढायला जोर लागत असेल तर ती खिडकी नाही किंवा बंद आहे.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर हे मान्य करावे लागते की उष्णता खरोखरच जास्त असते अशीही प्रकरणे आहेत. त्यांतील सर्वांत ठळक म्हणजे शहरातील पाइप गॅसवर चालणारा जुना टंबलर स्वस्तात विकत घेऊन तो गावी सिलिंडरच्या एलपीजीवर लावणे. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूपेक्षा अडीच पट उष्णता असते. बर्नरचे नोझल न बदलता आणि दाब न तपासता तो जोडला, तर ज्योत दीडपट किंवा त्याहूनही मोठी होते, आणि हॉटेलच्या भट्टीसाठीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला तर विचारायलाच नको. अशा यंत्रात हवा कितीही स्वच्छ असली तरी ते तापणार, आणि तिथे बर्नरकडे बोट दाखवणारा बरोबर ठरतो. वाफेच्या यंत्रात उलट टोक दिसते: सात किलो दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १७० अंश असल्यामुळे कॉइलवरून जाणारी हवा त्यापलीकडे जाऊच शकत नाही, आणि मोठ्या रुग्णालयांनी वाफेची यंत्रे पसंत करण्यामागे हे एक सबळ कारण आहे. पण अपवाद मान्य करणे म्हणजे त्याला नियम मानणे नव्हे. नोझलचा दोष यंत्र बसवल्याच्या पहिल्याच दिवशी दिसतो. जे यंत्र दोन वर्षे नीट चालून मग तापू लागले, त्याचे नोझल आपोआप मोठे झालेले नसते.

शेवटी एक आक्षेप असा आहे जो या सगळ्या चर्चेलाच निरर्थक ठरवू पाहतो: जिथे वर्षाचे आठ महिने कडक ऊन आहे तिथे यंत्राने कपडे वाळवावेतच कशाला? या आक्षेपाला अर्धा होकार द्यायला हरकत नाही. नोव्हेंबर ते मे या काळात वालूर-सेलूच्या उन्हात चादर तासाभरात वाळते, तिच्यासाठी गॅस जाळणे ही उधळपट्टी आहे, आणि मुंबईच्या महालक्ष्मी धोबीघाटावर आजही दोऱ्यांवर कपडे वाळतात ते काही अडाणीपणामुळे नव्हे. पण जून ते सप्टेंबर या महिन्यांत मराठवाड्याचा बहुतेक पाऊस पडतो, आणि परभणीच्या शासकीय रुग्णालयात किंवा सेलूच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रसूती पावसाची उघडीप पाहून होत नाहीत. शस्त्रक्रियागृहाचे कापड धुळीच्या वाऱ्यात दोरीवर वाळवणेही योग्य नाही, कारण धुलाईत जंतुनाशासाठी केलेला खर्च, उदाहरणार्थ ७१ अंशांच्या पाण्यात ठरावीक मिनिटे ठेवणे, दोरीवरच्या पहिल्या वावटळीत वाया जातो. म्हणजे टंबलर लागतो, पण तो वर्षातून काही महिने आणि काही कापडांसाठी लागतो. नेमके म्हणूनच तो अनेक ठिकाणी आठ महिने दुर्लक्षित पडतो, उंदीर डक्टमध्ये घरटे करतात, पट्टा कडक होतो, आणि पहिल्या पावसाला तो एकदम दिवसभर चालवला जातो. उन्हाचा पर्याय असलेल्या प्रदेशात यंत्राची निगा कमी लागते हा समज इथेच चुकतो. तिथे ती पावसाच्या तोंडावर एकवटून घ्यावी लागते.

या निगेसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. गवंडी पातळी जुळवायला वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी घातले, तिचे एक टोक ब्लोअरच्या पुढे डक्टला पाडलेल्या लहान भोकात खुपसले आणि दुसरे मोकळे ठेवले, तर दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतील फरक डक्टमधील अडथळा सांगतो. पुस्तिकेत दिलेली मर्यादा यंत्रागणिक बदलते; ती अनेकदा सात-आठ मिलिमीटरच्या आसपास असते. फरक त्याहून जास्त भरला तर अडथळा डक्टमध्ये किंवा बाहेरच्या टोकाला आहे. मात्र फरक फारच कमी भरला म्हणून समाधान मानू नये, कारण जाळी तुंबली असेल, पट्टा घसरत असेल किंवा पंखा उलटा फिरत असेल तरीही दाब कमीच दिसतो. यंत्र नवे व स्वच्छ असताना घेतलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवणे, आणि पुढे प्रत्येक महिन्यात त्याच्याशी तुलना करणे, हाच या मोजणीचा खरा उपयोग आहे.

रुग्णालयांच्या, वसतिगृहांच्या आणि खासगी धुलाई केंद्रांच्या वार्षिक देखभाल करारांत आज प्रामुख्याने बदललेल्या भागांची यादी असते, आणि भाग बदलल्याशिवाय देखभाल झालीच नाही अशी दोन्ही पक्षांची समजूत असते. हे करार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि मालकांनी त्यांत तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात: डक्टमधील दाब, बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान आणि ब्लोअरच्या फिरण्याची दिशा. हाय-लिमिट ‘डायरेक्ट’ केलेला आढळला तर यंत्र त्याच क्षणी बंद करण्याचा अधिकार ते चालवणाऱ्या कामगाराला लेखी द्यावा, आणि ज्या बिलावर या तीन नोंदींशिवाय थर्मोस्टॅटची किंमत लावलेली असेल, ते बिल मंजूर करू नये.